शेजारच्या सीटवरचं वजन

"ही कोण बसवलीत?" माईने विचारलं.

म्हातारा गाडीखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय, आणि ते पान्याच्या तालावर हलत होते.

गाडी म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. वय माईच्या थोरल्या लेकाएवढं. वरचं घर आणि खालची लोखंडी चासी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या असतात, धक्के खायला. त्या वाळून पार बिस्किटं झाल्या होत्या. आठवडाभर म्हातारा एकेक काढून नवी बसवत होता. आता बोल्ट तेवढे आवळायचे राहिले होते. पण रिकाम्या गाडीचे बोल्ट आवळेल तर तो म्हातारा कसला! ज्याची जी जागा, तिथे त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या मांडायच्या, रबराला ओझ्याची ओळख होऊ द्यायची, मगच पाना लावायचा.

म्हणून स्टिअरिंगमागे पिशव्यांची छातीपर्यंत रास होती. तो स्वतः. शेजारच्या सीटवर मात्र पिशव्या अगदीच बेताच्या.

माईने त्या नजरेनेच जोखल्या. उभ्या जन्मात एकाही दुकानदाराने तिला वजनात फसवलं नव्हतं. त्या सीटवर आजवर तिच्याशिवाय कोणी बसलं नव्हतं, आणि ती काही चिमणी नव्हती. ती बसली की सीट कुरकुरायची. ही जी कोणी होती, ती हडकुळी होती.

हडकुळी म्हटल्यावर लांब शोधायला नको. समोरची शिवणवाली. माईने तिचं नाव सुई ठेवलं होतं. गाडीचे पडदे शिवायचं निमित्त, आणि बाई दिवसाआड दारात. पडदे ते केवढे, त्यांची मापं किती वेळा घ्यावीत? त्यात परवा म्हातारा काखोटीला बोचकं मारून तिच्याकडे जाताना माईने खिडकीतून पाहिला होता. विचारलं तर म्हणाला, ग्रीस पुसायला चिंध्या हव्यात. चिंध्या हव्या असल्या तर माणूस आणतो. घेऊन जात नाही.

माईने काठीच्या टोकाने त्याच्या पोटरीला टोचलं. "अहो, बहिरे झालात की मुके? कोण ही?"

"कोण कुठली?"

"माझ्या सीटवरची. सुई ना?"

खालचा पाना थांबला. मग हसू फुटलं आणि लगेच गिळल्यासारखं बंद झालं.

"दात नंतर काढा. समुद्रावर नेईन म्हणून मला कबूल केलंत, आणि वजन दुसऱ्याच बाईचं ठेवलंत. मी आजारातून उठलेच नसते तर तिला घेऊन निघाला असतात. हो ना?"

"अगं, काहीतरी काय बोलतेस!"

"मग तुम्ही बोला. मी ऐकते."

म्हातारा घसटत बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं. उठून बसला, पण माईकडे बघेना.

"तूच आहेस ती," तो म्हणाला.

"मी? मी एवढीशी? माझी एक मांडी तरी भरेल का त्यात?"

"आजारपणात रोज उचलत होतो ना तुला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. हातांना पाठ झालंय."

"तुमच्या हातांना काय कळतंय! हे बघा." तिने बाही ओढून त्याच्या नाकासमोर धरली. "कुठे सैल आहे, दाखवा. आजाराच्या आधीचे कपडे आहेत हे. वाळलेल्या माणसाच्या अंगाला असे बसतात?"

म्हातारा हातातल्या जुन्या बोल्टचा गंज अंगठ्याने खरवडत राहिला.

"सुईने आत घेतलेत," शेवटी तो म्हणाला. "एकेक करून. तुला कळू नये म्हणून मीच नेऊन देत होतो."

माईने बाही सोडली. काखेतली शिवण बोटांनी चाचपली. आत चांगलं बोटभर कापड दुमडलेलं होतं. बराच वेळ ती तिथेच बोटं फिरवत उभी राहिली.

"शिवण मात्र सरळ घातलीय मेलीने," ती म्हणाली. मग काठी दारावर आपटली. "उतरवा त्या पिशव्या."

"अगं, पण आता बोल्टच..."

"उतरवा म्हणते ना. मी जिती असताना माझ्या जागी वाळू कसली बसवता?"

त्याने पिशव्या सीटवरून काढून खाली पायांपाशी रचल्या. आधाराला हात पुढे केला. माईने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराची कड धरून, दोनदा थांबून, ती चढली आणि आपल्या जागेवर बसली. म्हातारा पुन्हा गाडीखाली शिरला. बोल्टला पाना लागल्याचा आवाज झाला. मग पाना थांबला. तो कशाची तरी वाट बघत होता.

"बसलीस का गं?" खालून आवाज आला.

माई केव्हाची बसली होती. सीट तेवढी कुरकुरली नव्हती.

तिने काठी बाजूला ठेवली. वाकून तिने पायांजवळची एक पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मग दुसरी. तिसरीला दम लागला, पण तीही तिने ओढून वर घेतली आणि दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली. खाली कुठेतरी नवं रबर बारीकसं करकरलं.

"बसले आता," ती म्हणाली. "आवळा."