पलटणीच्या पुस्तकातलं पान

रमाकांतनं ते पान तिसऱ्यांदा वाचलं, पुस्तक फटकन मिटलं आणि लगेच पुन्हा उघडलं. इंग्रजी अक्षरं काही बदलली नव्हती. शिपाई शेषराव. हल्ल्याच्या आदल्या दिवशी चौकी सोडून पळाला. फरार. शोध चालू.

"आता काय सांगू गं तिला?" त्यानं बायकोला विचारलं.

"आहे ते सांगा," शैलजा कपाटावरची धूळ झटकत म्हणाली. "भिंतीवर पाटी कोणी लावलीय? 'छापलं आहे तेच सांगितलं जाईल.' मी?"

पाटी त्याचीच होती. निवृत्त झाल्यावर पदरचे पैसे घालून त्यानं नांदुऱ्यात हे लढायांच्या इतिहासाचं ग्रंथालय थाटलं. कुठून कुठून पलटणींची जुनी पुस्तकं गोळा केली. कापसाच्या गावात तोफांची पुस्तकं कोण वाचणार, म्हणून लोक हसले. हसेनात का! लोक आले, वाचून गेले, आणि रमाकांतनं सांगितलेल्या एका ओळीतही आजवर कुणाला खोट सापडली नव्हती. त्याचा त्याला भारी तोरा होता.

आणि आता हे झेंगट.

गीताबाई धामणगाव बढ्याची. वर्षभर दर मंगळवारी येत होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घेणं तिच्यात बसत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून पुढे केली. नवरा एकाहत्तरच्या लढाईला गेला. त्यानंतर दोनदा सरकारी माणसं घरी येऊन विचारून गेली, मग कुणीच फिरकलं नाही. त्याचं काय झालं, ते पलटणीच्या पुस्तकात लिहिलंय का, एवढंच तिला हवं होतं. कपाळावर ठसठशीत कुंकू. देहच घरी आला नाही तर पुसायचं तरी कशाला, असं गाव म्हणायचं.

अकराची एसटी यायची वेळ झाली. रमाकांत खिडकीपाशी गेला, परत टेबलापाशी आला. पुस्तक कपाटात टाकलं, कुलूप लावलं, पुन्हा काढलं. सापडलं नाही म्हणून सांगावं का? पण मग ती पुढच्या मंगळवारी येणार. त्याच्या पुढच्याही.

"बसा की हो एका जागी!" शैलजा वैतागली.

तेवढ्यात गीताबाई आलीच. आज सोबत काठी टेकत एक म्हातारा होता. तो बाहेर ओट्यावरच बसला.

"आत बोलवा त्यांना," रमाकांत म्हणाला.

"दीर हायेत. बसू द्या तिथंच, लोकायत बुजतात ते." तिनं पदर सावरला. "गावलं का सर?"

रमाकांतनं पुस्तक पुढ्यात ओढलं. "गावलं."

ती मटकन खुर्चीत बसली. "मंग वाचा. काऊन थांबले?"

ग्रंथालयामागच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली, कपाटांच्या काचा थरथरल्या. संपूच नये ही गाडी, असं त्याला वाटलं. पण गाडी गेली. समोर म्हातारी पुस्तकाकडे डोळे लावून बसली होती. पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या बाईला काय सांगायचं, तुझा माणूस पळपुटा निघाला म्हणून? तिची त्याला फार, फार दया आली.

"शिपाई शेषराव," तो वाचू लागला, "यानं अखेरपर्यंत चौकी सोडली नाही. शत्रूशी झुंजता झुंजता तो धारातीर्थी पडला."

त्यानं पाटीकडे पाठ फिरवली होती. शैलजानं त्याच्या खांद्यावरून पान पाहिलं. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. ती फडकं घट्ट धरून उभी राहिली.

गीताबाई रडली नाही. "मेले म्हून लिवलं?"

"हो."

"अन् हे सरकारी पुस्तक हाये ना? खरं?"

"खुद्द पलटणीनं काढलेलं आहे."

"मंग आता त्यायले कोनी ढुंढणार नाही?"

बिचारी! रमाकांतनं पुस्तक मिटलं. "नाही गीताबाई. आता कोण शोधणार?"

तिनं दोन्ही हात जोडून पुस्तकाला नमस्कार केला. मग त्यालाही केला. गुडघ्यावर हात देत उठली आणि दाराशी गेली. आता ही कोसळणार, या धास्तीनं रमाकांत मागोमाग धावला.

गीताबाई ओट्यावरच्या म्हाताऱ्यापुढे वाकली होती.

"अवो, आयकलं का?" ती म्हणाली. "चाला घरी, आता दिवसाउजेडी. सुटले तुमी! पुस्तकात मेले म्हून लिवलं."