सोमवारची बाटली

सोनूबाईनं पाटी उंबऱ्याशी उतरवली, तशी जानकीनं ती पायानं बाहेर सारली.

"नको तुझी मासळी. ती खाऊनच माझी उत्तरा आजारी पडलीय. डोळे बघ पोरीचे, हळद फासल्यासारखे!"

सोनूबाईनं पाटी पुन्हा जवळ ओढली. मालाडच्या खाडीवरची ही कोळीण एरवी एकाला दोन ऐकवणारी. चार वर्षांपूर्वी उत्तरा झाली, तेव्हा बाळंतिणीला दूध यावं म्हणून हीच बाई रोज मुडदुशा मासळी आणून द्यायची. एक पैसा घेतला नव्हता.

आत जानकीचा नवरा दशरथ शर्टाची बटणं लावत होता. संपात गिरणी गेल्यावर त्याला ते राहत त्या क्वार्टर्सला लागून असलेल्या मैलापाण्याच्या केंद्रात नोकरी लागली. गावी मात्र तो 'पाणीखात्यात आहे' म्हणून सांगायचा. उपनगराची सगळी घाण इथं यायची, गाळ खाली बसायचा आणि निवळलेलं पाणी खाडीत सोडायचे. म्हणजे कागदावर. घाण पाण्यात हवा मारून ते साफ करायचं यंत्र पावसाळ्यापासून बंद होतं. काळं पाणी जसंच्या तसं खाडीत जात होतं.

"दशरथ, तूच सांग," सोनूबाई म्हणाली. "आमची मासली तुमच्याच घानीनं नासली ना? सा महिनं साहेबाकडं खेटं घालतंय. तो रिपोर्ट दाखवतो. पानी चोख! कसं रं चोख?"

दशरथनं चपलांकडे बघितलं. "रिपोर्ट लॅबवाले देतात, सोनूबाई. मी फक्त बाटली भरतो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोला एवढं सांगायला त्याची जीभ मात्र उचलली नाही. सोनूबाई पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

त्या सोमवारीही नेहमीसारखी लॅबची बाटली भरायची होती. पाणी जिथं खाडीत पडायचं, तिथं उतरायला चोवीस शेवाळलेल्या पायऱ्या. तिथला वास दोन-दोन दिवस अंगाचा जात नसे. दशरथ बाटली पिशवीत घालून घराबाहेर पडला. क्वार्टर्समागं गटाराच्या लाइनीसाठी खणलेला चर महिनाभर तसाच उघडा होता, तो त्यानं उडी मारून ओलांडला.

"अहो, पिंपाचं झाकण परत उघडं टाकलंत!" जानकी मागून ओरडली. "माशा पडतात पिण्याच्या पाण्यात!"

ऑफिसात कुंडलिक शिपाई बाटल्या लॅबला न्यायला उभाच होता.

"साला तू नशीबवान आहेस यार," तो म्हणाला. "गटारावर काम करतोस आणि अंगाला साबणाचा वास."

दशरथनं बाटली त्याच्या हातात दिली.

शनिवारी साहेबांनी त्याला बोलावलं. सोनूबाई आधीच तिथं उभी होती.

"वाट लागली, दशरथ!" साहेबांनी कागद आपटला. "मैल्याचे जंतू नुसते बुजबुजलेत. हे पाणी पोटात गेलं तर माणूस काविळीनं मरेल. आता वरून माणसं येणार. यंत्र सोमवारच्या आत चालू झालं पाहिजे!"

सहा महिने जे सोनूबाईला कुणी मानलं नाही, ते अखेर कागदावर आलं होतं. तिनं खूश व्हायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांना धार लागली.

"म्हंजे जानकीचं खरं व्हतं," तिनं दशरथपुढं हात जोडले. "माज्याच हातानं पोरीला इख दिलं रं. मला माफ कर. उद्यापासून पाटी उचलनार नाय."

दशरथला तिचे जोडलेले हात बघवेनात. तो धावत सुटला. चर ओलांडताना त्याची चप्पल आत पडली, तरी तो थांबला नाही. चराच्या तळाशी काळं पाणी साचलं होतं आणि क्वार्टर्सच्या नळाचा तडकलेला पाइप त्यात अर्धा बुडाला होता.

जानकी खाटेशी बसून उत्तराच्या तोंडाला ग्लास लावत होती.

"पी गो बाय. डॉक्टर म्हणालेत भरपूर पाणी पाजा," ती कौतुकानं म्हणाली. "सकाळपासून सातवा ग्लास, अहो! शहाणी आहे माझी पोर."

दशरथनं ग्लास हिसकावून भिंतीवर फेकला. उत्तरा घाबरून रडायला लागली.

"अहो, वेड लागलं का?"

दशरथनं मोरीजवळच्या पिंपाकडे बोट दाखवलं. चार वर्षं दर सोमवारची बाटली तो त्यातूनच भरून नेत होता.