चार बोटं उंच

मिस्त्रींनी जुन्या जीपच्या स्प्रिंगचे खचलेले पाटे काढून ठेवले. “नवे कुठले बसवू? मूळ मापाचे, की मागच्यासारखे चार बोटं उंच?” उंच पाटे माझी हौस. दगडधोंड्यांतून जीप कशी ऐटीत निघायची! आईला मात्र चढता येईना, म्हणून ती स्वयंपाकघरातलं स्टूल आणू लागली. सीटखाली ते खडखडायचं. एकदा मित्रांसमोर मी खेकसलो, “हे लटांबर कशाला?” तेव्हापासून ती म्हणायची, “तुम्ही या जाऊन.” मीही आग्रह केला नाही. आई गेली त्याला तीन महिने झाले. “मूळ मापाचेच बसवा,” मी म्हणालो. मिस्त्री खुलले. “बोलल्या वाटतं आई शेवटी! विचारायला आल्या होत्या, जीप खाली घेता येईल का. वर म्हणाल्या, त्याला सांगू नका, हौसेनं केलंय.” सीटखालचं स्टूल माझ्या हातात देत म्हणाले, “आता हे लागणार नाही त्यांना.”