टीकेचा पुरावा

“अक्षता, काहीही कर पण तो शिक्का काढ. नाहीतर महिनाअखेरीस शटर डाऊन,” संपादक चंद्रप्रकाश म्हणाला.

‘घाटकोपर गर्जना’ या त्याच्या बातम्यांच्या पानावर समाजमाध्यमाच्या कंपनीने ‘सरकारी नियंत्रणातील माध्यम’ असा शिक्का मारला होता. अशा पानाला पैसे भरून जाहिरात करता येत नाही, असा नियम. जाहिरात थांबली तसे वाचकही आटले. गर्जना कसली, म्याँवसुद्धा ऐकू येईना.

अक्षता तिथली एकुलती एक उपसंपादक. शटर पडलं की तिची नोकरी गेलीच.

“सरकारवर टीका केलेली एक तरी बातमी कंपनीला पाठवायचीय, सर. आपण कुणाच्या हुकमावर चालत नाही याचा पुरावा म्हणून.”

“मग पाठव ना.”

“आहे कुठे?”

सहा वर्षांचं पान तिने चाळलं होतं. इथल्या मंत्र्यांचा वाढदिवस, मंत्र्यांचा सत्कार, मंत्र्यांच्या हस्ते शौचालयाचं उद्घाटन. त्यांच्या कार्यालयातून येईल ते चुकांसकट छापायचं, ही इथली पत्रकारिता. तिला स्वतःचीच किळस आली.

“मी त्या रखडलेल्या पुलावर लिहिते,” ती म्हणाली. “मंत्र्यांनी तीनदा नारळ फोडला, अजून एक खांब उभा नाही.”

“वेड लागलंय का तुला? वाट लागेल आपली!”

“नाही लिहिलं तरी लागणारच आहे ना?”

त्यानंतर दोन दिवस तो ऑफिसला फिरकलाच नाही. असल्या शेळपट माणसाकडे आपण नोकरी करतो, या विचाराने तिचं डोकं फिरलं. तिने दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी त्याने पुलावरचा लेख तिच्यापुढे ठेवला. लेख सणसणीत होता. मंत्र्यांचं नाव घेऊन जाब विचारला होता.

“असाच टाक. एक शब्दही बदलायचा नाही,” तो म्हणाला.

अक्षताला भरून आलं. या माणसाला आपण काय काय समजलो, याची लाज वाटली. तिने लेख टाकला, कंपनीला पुरावा म्हणून पाठवला. आठवड्याने उत्तर आलं: पान स्वतंत्र असल्याची खात्री पटली आहे.

ती धावतच त्याच्या केबिनकडे गेली. दार उघडंच होतं. फोन स्पीकरवर होता आणि मंत्र्यांचा पीए सुयोग बोलत होता.

“निघाला ना शिक्का? झकास! पुढच्या महिन्याची टीका साहेब स्वतः तपासतायत. शुक्रवारपर्यंत पाठवतो.”