चौथी बाजू

गुंद गावच्या राजेश्वरीनं बनवलेलं यंत्र भाताच्या शेतात उभं होतं. अंगाची ऊब ओळखणारा कॅमेरा आणि त्याला जोडलेले तीन भोंगे. रानडुक्कर बांधावर आलं की तीन बाजूंनी हाकारा उठायचा. जंगलाकडची चौथी बाजू मात्र गप्प राहायची. गावात जनावर हाकलायची रीतच तशी, त्याला पळायला वाट ठेवायची.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचा दलाल यंत्र बघून खूश झाला. "लढाईत वापरता येईल अशी वस्तू बाहेर पाठवायला परवाना लागतो. तुम्ही त्या भानगडीत पडूच नका. शेतीचं अवजार म्हणून पाठवून द्या," तो म्हणाला. "फक्त एक बदल करा. चौथ्या बाजूलाही भोंगा बसवा."

"आन् मग डुकरं जातील कुठनं?"

"जाऊ द्यायचंच नाहीये." त्यानं आवाज खाली आणला. "आणि तिकडं डुकरं नाहीत. पण ते कागदावर कशाला?"

राजेश्वरी शेतावरच्या घरात गेली आणि आधीच आणून ठेवलेला परवान्याचा अर्ज घेऊन आली. 'वापर कशासाठी' या रकान्यात तिनं त्याच्यासमोरच ठळक लिहिलं, 'माणसं चारी बाजूंनी कोंडायला.' मग पेन त्याच्या हातात दिलं.

"खाली घेणाऱ्याची सही लागती. करा."

दलाल पेन तसंच धरून आपल्या गाडीकडं बघायला लागला. राजेश्वरी बांधावरून बाजूला झाली.

"जावा मग. आमच्यात पळायला वाट ठेवत्यात."