मका की घेवडा

राजा समुद्रापलीकडे राहिला. इथं वस्तीचा कारभार वस्तीच बघायची. हो म्हणायचं तर मडक्यात मक्याचा दाणा, नाही म्हणायचं तर घेवड्याचा. पण दाणा मिळायचा फक्त पुरुषांना. "जमीन आम्हीही खणतो, मग आम्हाला दाणा का नाही?" डॉर्कसनं भरसभेत विचारलं, आणि पुढच्या सभेत तिलाच वस्तीबाहेर काढायचं का, यावर मडकं फिरलं. त्या सभेला निघताना नवऱ्याच्या तळहातावर तिनं निवडून टपोरा घेवडा ठेवला होता. निकाल मक्याच्या बाजूनं लागला. कुंपणाच्या दारात बर्फ भुरभुरत होता. "मी घेवडाच टाकला गं," नवरा खाली बघत म्हणाला, "पण एकट्याचं कोण ऐकतंय?" "असू द्या. तुम्ही टाकलात ना, तेवढं पुरे." त्यानं अंगातला कोट तिच्या खांद्यांवर घातला. ती जंगलाच्या वाटेला लागली. बोटं गारठली म्हणून कोटाच्या खिशात हात घातला. टपोरा घेवडा तिथंच होता.