यानाबाहेरच्या चपला

लिवायने चित्रकथेच्या पिवळ्या पडलेल्या अंकाचे सातवे पान उघडले आणि एका चौकटीवर बोट ठेवले. मंगळाकडे निघालेल्या यानाच्या शिडीशी चपलांचे चार जोड ओळीने मांडलेले होते.

"आजोबा, या चौकटीपायी आम्ही वेडे झालोय. अमेरिकन अंकांतले वीर बूट घालून झोपतात. आपले चौघे मात्र चपला दारात ठेवून अनवाणी मंगळावर चाललेत!"

"तिथं पाय भाजले असतील बिचाऱ्यांचे," तिचा भाऊ रोमेल म्हणाला. "पण यान कसं लख्ख राहिलं!"

ऐंशी ओलांडलेले आन्सेल्मो हसले नाहीत. साठ वर्षांपूर्वीची ही विस्मृतीत गेलेली चित्रकथा बहीणभाऊ शहराच्या कुबाओ भागातल्या आपल्या पुस्तकांच्या दुकानातर्फे पुन्हा छापणार होते. मुखपृष्ठावर 'चित्रकार : आन्सेल्मो पादुआ' असे येणार होते. संमतिपत्रावर केवळ त्यांची सही व्हायची होती.

"तुम्हाला सुचलं तरी कसं हे?" लिवायने विचारले.

"मला नाही. सेल्सोला. यानाचं दार आलं की तो चपला रेखाटायचाच. मी तंत्रशाळेत शिकलेला. म्हटलं, 'गाढवा, यान आहे हे, तुझ्या आईचं घर नव्हे.' पांढरा रंग घेऊन सगळ्या पुसल्या. ही चौकट तेवढी नजरेतून सुटली."

लिवायचा चेहरा उजळला. "म्हणजे आणखी एक चित्रकार होता! त्यांनी कोणती पानं केली?"

"सगळी. शेवटची तर इस्पितळातल्या खाटेवर. क्षय झाला होता त्याला."

"मग नाव तुमचं कसं? छापखान्याची चूक?"

आन्सेल्मोंनी पहिले पान उघडले. चित्रकाराच्या नावाची अक्षरे पट्टीने आखल्यासारखी सरळ आणि एकाच उंचीची होती. खालच्या संवादांची अक्षरेही अगदी तशीच होती.

"छापखान्याची नाही, बाळ. माझं काम अक्षरांचं. संवाद मी लिहायचो. नावंही मीच लिहायचो."

लिवायने संमतिपत्र हळूच आपल्याकडे ओढून घेतले.

"त्यांनी पाहिला होता हा अंक?" रोमेलने विचारले.

"मीच नेऊन दिला. पहिलं पान बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'अक्षरं सुरेख आलीत हं, आन्सेल्मो.'"